‘आईवर गेली’ला इंग्रजीत काय म्हणतात?

आपली तुकडी मराठी माध्यमाची. पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवली, दहावीला बोर्डाचा इंग्रजीचा पेपर दिला आणि पुढे कॉलेजात एकदम सगळेच इंग्रजीत सुरू झाले. आज आपल्यातले कितीतरी जण दिवसभर इंग्रजीत काम करतात. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. एखाद्या प्रणालीच्या रचनेवर तासभर इंग्रजीत बोलणे हा आमच्या रोजच्या कामाचाच भाग. पण जेवणाच्या सुट्टीत शेजारचा सहकारी म्हणाला, की भावाशी बिनसलेय, दोन वर्षे बोलणे नाही, तर त्याला धीर द्यायला शब्द पटकन सुचत नाहीत. तासभर सर्व्हरवर बोलणारी माणसे घरच्या गोष्टीवर दोन वाक्यांत थांबतात. हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. आपल्या शाळेच्या बहुतेक मित्रमैत्रिणींनी कधी ना कधी तो बोलून दाखवला आहे.

पुष्कळांना वाटते की हा आपल्या हुशारीतला किंवा शाळेतला उणेपणा. मला तसे वाटत नाही. यामागे इतिहास आहे. इंग्रजीचा हजार वर्षांचा आणि आपल्याकडच्या इंग्रजी शिक्षणाचा पावणेदोनशे वर्षांचा. स्मरणिकेच्या निमित्ताने तो इतिहास मांडावा, आणि तोही एका लहानशा विषयापुरता, म्हणजे घर, नाती, भांडणे आणि समेट यांसाठी इंग्रजी माणूस जी जोडक्रियापदे वापरतो त्यांच्यापुरता, असे ठरवले. व्याकरणात त्यांना ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात.

दोन लहान शब्द, तिसराच अर्थ

साधे क्रियापद घ्यायचे आणि त्याला अप, आउट, ऑफ, आफ्टर, डाउन असा एखादा छोटा शब्द जोडायचा, की अर्थ भलतीकडेच जातो. ‘टेक’ म्हणजे घेणे, ‘आफ्टर’ म्हणजे नंतर. पण ‘टेक आफ्टर’ म्हणजे आईवर किंवा बापावर जाणे. ‘फॉल’ म्हणजे पडणे, ‘आउट’ म्हणजे बाहेर. पण ‘फॉल आउट’ म्हणजे बिनसणे. ‘ब्रिंग अप’ म्हणजे लहानाचे मोठे करणे, ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे चालवून घेणे, ‘टेल ऑफ’ म्हणजे खडसावणे, ‘सेटल डाउन’ म्हणजे मार्गी लागणे, ‘स्टँड बाय’ म्हणजे पाठीशी उभे राहणे, ‘मॅरी ऑफ’ म्हणजे मुलगी उजवणे. शाळेच्या मैदानावरची कट्टी म्हणजे ‘फॉल आउट’ आणि बट्टी म्हणजे ‘मेक अप’.

अडचण अशी, की यातल्या एकेका जोडीला अनेक अर्थ असतात. ‘ब्रिंग अप’ म्हणजे मूल वाढवणे, तसेच बोलता बोलता एखादा विषय काढणे. ‘मेक अप’ म्हणजे बट्टी करणे, सबब रचणे, राहिलेले भरून काढणे आणि चेहरा रंगवणेसुद्धा. शब्दकोशात सुटे शब्द पाहून यातले काहीच हाती लागत नाही.

पण ही विचित्र सवय फक्त इंग्रजीची नाही. आपण ‘सांगून टाकले’ म्हणतो तेव्हा काय टाकतो? ‘हे काय करून बसलास!’ यात कोण बसलेले असते? ‘चालवून घेतले’ यात ना चालणे आहे ना घेणे. ‘बोलून दाखवले’ यात डोळ्यांना काहीच दिसत नाही. बाहेरून मराठी शिकणाऱ्याला हे तितकेच चक्रावणारे. मोल्सवर्थ आणि कँडी या इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात मराठी-इंग्रजी (१८३१) आणि इंग्रजी-मराठी (१८४७) कोश तयार केले. एकेका साध्या मराठी शब्दाखाली त्यांनी किती अर्थछटा आणि वाक्प्रयोग दिले आहेत ते पाहिले, की त्यांची दमछाक आपल्या दमछाकीसारखीच होती हे पटते. प्रत्येक भाषेतला घरातला भाग बाहेरच्याला सर्वांत अवघड जातो.

मठातल्या बखरीपासून

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ही जोडक्रियापदे आजच्यासारखी नव्हती. त्या वेळी अर्थ बदलायचा असेल तर क्रियापदाच्या आधी उपसर्ग लावत, आपण संस्कृतात ‘हार’ला आ, वि, प्र, सं लावून आहार, विहार, प्रहार, संहार करतो तसे. आजच्या ‘फर्गिव्ह’, ‘फर्गेट’, ‘अंडरस्टँड’ या शब्दांत त्या जुन्या पद्धतीच्या खुणा उरल्या आहेत. पुढे उपसर्गांची ही पद्धत दुबळी होत गेली आणि तो छोटा शब्द क्रियापदाच्या मागे जाऊन उभा राहू लागला. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतही अशीच मांडणी होती. तिचाही या बदलाला हातभार लागला असे अनेक अभ्यासक मानतात.

पीटरबरो येथील मठात बाराव्या शतकात एक बखर लिहिली जात होती. तिच्यातली शेवटची नोंद ११५४ सालची आहे. त्याआधीच्या, ११३२ सालच्या हकिकतीत राजाने तिथल्या मठाधिपतीला मठ सोडायला लावले असे लिहिले आहे, आणि त्यासाठी जे क्रियापद वापरले आहे ते आजच्या ‘गिव्ह अप’चे आजोबा. लिहिणारा साधू होता, पण त्याची वाक्यरचना बोलण्यातली होती. आज आपण ‘नोकरी गिव्ह अप केली’ म्हणतो त्या शब्दाचे वय हे असे पावणेनऊशे वर्षांचे.

दरम्यान १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. पुढची दोन-तीनशे वर्षे दरबार आणि कोर्टकचेरी फ्रेंचमध्ये, धर्म आणि विद्या लॅटिनमध्ये, आणि चूल, शेत, गोठा इंग्रजीत अशी वाटणी झाली. नात्यांच्या शब्दांतही ती दिसते. मदर, फादर, ब्रदर, सन, डॉटर हे घरातले सख्खे शब्द मूळ इंग्रजी राहिले. अंकल, आंट, नेफ्यू, नीस, कझिन हे फ्रेंचमधून आले. ‘हजबंड’ हा शब्द त्या स्कँडिनेव्हियन लोकांनी दिला, त्याचा मूळ अर्थ घरधनी. लग्नाला ‘वेड’ हा जुना देशी शब्द आहे, तर ‘मॅरी’ फ्रेंचमधून आलेला.

या वाटणीमुळे इंग्रजीत एका गोष्टीला दोन-दोन शब्द झाले. एक घरातला, एक कचेरीतला. सहन करण्याला घरातला शब्द ‘पुट अप विथ’, कचेरीतला ‘टॉलरेट’. सारखे दिसण्याला घरातला ‘टेक आफ्टर’, पुस्तकी ‘रिझेम्बल’. समेटाला घरातला ‘मेक अप’, पुस्तकी ‘रिकन्साइल’. वेगळे होण्याला घरातला ‘स्प्लिट अप’, कागदावरचा ‘सेपरेट’. आपल्याकडेही तसेच आहे. मूल ‘वाढवले’ असे आजी म्हणते, ‘संगोपन’ सरकारी पत्रकात असते. आजीला जर कोणी विचारले, ‘आपण किती अपत्यांचे संगोपन केले?’ तर ती आधी हसेल. वाक्यात चूक काहीच नाही, पण घरात असे कोणी बोलत नाही.

भांडणाच्या आणि समेटाच्या शब्दांचा प्रवास

घरच्या भांडणाचा ‘फॉल आउट’ हा शब्द सोळाव्या शतकात रुळलेला होता. १६११ साली राजा जेम्सच्या काळात बायबलचे जे प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर झाले, त्यात योसेफाची गोष्ट आहे. भावांनी विकलेला योसेफ मिसरात मोठा अधिकारी होतो, भाऊ त्याच्या दारी येतात, ओळख पटते, रडारड होते, आणि वडिलांना आणायला त्यांना परत पाठवताना तो सांगतो, की वाटेत भांडू नका. तिथे भाषांतरकारांनी हेच क्रियापद वापरले आहे. भावाभावांतल्या बिनसण्याला इंग्रज माणूस चारशे वर्षांहून अधिक काळ तोच शब्द वापरतो आहे.

‘पुट अप’ची गोष्ट आणखी गमतीची. शेक्सपिअरच्या काळात तलवार म्यान करण्याला ‘पुट अप’ म्हणत. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या पहिल्याच अंकात मारामारी सोडवणारा मित्र हेच सांगतो. त्याच काळात अपमान गिळण्यालाही ‘पुट अप’ म्हणत. पुढे त्याला ‘विथ’ जोडला गेला आणि आजचा ‘पुट अप विथ’ तयार झाला. सासू-सुनेच्या किंवा दोन रूममेटच्या संदर्भात हा शब्द वापरताना, म्यान झालेली तलवार डोळ्यांसमोर आणली तर अर्थ विसरायला होत नाही.

काही शब्दांचे अर्थ उलटेपालटेही झाले. शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’मधला विदूषक भांडण मिटवण्याला ‘टेक अप’ म्हणतो. आज ‘टेक अप’ म्हणजे एखादी गोष्ट हाती घेणे. म्हणजे ही यादी कायमची नाही. माणसे बोलतात तशी ती बदलते.

समाज बदलला तसे नवे शब्द आले. १८५७ पूर्वी इंग्लंडमध्ये पुन्हा लग्न करता येईल असा पूर्ण घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. म्हणजे तो फार थोड्या श्रीमंतांनाच परवडे. १८५७च्या कायद्याने हे काम न्यायालयाकडे आले. लग्न मोडण्यासाठी ‘ब्रेक अप’, ‘स्प्लिट अप’ हे बोलीतले शब्द विसाव्या शतकात सर्रास झाले. १९६९ साली इंग्लंडमध्ये घटस्फोटाचा कायदा बदलला आणि तो १९७१पासून अमलात आला. त्यात घटस्फोटाचा एकच आधार ठेवला गेला: लग्न पुन्हा सांधता येणार नाही इतके मोडले आहे. ‘मोडले आहे’साठी कायद्यात शब्द होता ‘ब्रेक डाउन’. शतकानुशतके लॅटिन-फ्रेंच बोलणाऱ्या कायद्याने शेवटी घरातला शब्द उचलला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही १ मे २०२३ रोजी याच कारणावरून, राज्यघटनेच्या कलम १४२खालील अधिकारात, आपण विवाह संपुष्टात आणू शकतो असा निर्णय दिला. त्या निर्णयाच्या बातम्यांत ‘ब्रेकडाउन’ हा शब्द आपण सगळ्यांनी वाचला. गाडी बंद पडते तोच शब्द.

आपल्यापर्यंत कोणते इंग्रजी आले?

आता आपल्याकडे येऊ. १८३५ साली मेकॉलेचे टिपण आले आणि सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला. १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत प्राधान्य देण्याचा ठराव केला. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. इंग्रजी आली ती अर्ज, अहवाल, निकालपत्र आणि परीक्षा यांच्यासाठी. तिला आपल्या घरात यायचेच नव्हते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या तयार झाल्या. मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी करत करत त्यांनी भाषेचा पाया पक्का केला. त्यातून उत्तम वकील, प्राध्यापक, संपादक घडले. पण भाषांतरासाठी जी वाक्ये घेतली जातात ती लिहिण्यातली असतात. भावंडे स्वयंपाकघरात ज्या वाक्यांत भांडतात ती नसतात.

त्यानंतर ‘रेन अँड मार्टिन’चे व्याकरण घराघरांत पोहोचले. त्यातले पी. सी. रेन हे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात काम केलेले गृहस्थ, आणि ‘बो जेस्ट’ या १९२४च्या गाजलेल्या कादंबरीचे लेखकही तेच. त्यांच्या व्याकरणात कोणत्या शब्दापुढे कोणता छोटा शब्द येतो याच्या लांबलचक याद्या आहेत. आपल्या वर्गातल्या काहींनी त्या पाठ केल्या होत्या, बाईंनी वहीत उतरवून घ्यायला लावल्या होत्या. त्या याद्यांचा उपयोग परीक्षेत नक्की झाला. पण यादीतल्या शब्दाला घर नसते. तो कोण कोणाला, कोणत्या वेळी, हसत म्हणतो की चिडून, हे यादीत कळत नाही.

शिवाय आपल्या हाती वेळही कमी होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही वर्षे इंग्रजी आठवीपासून शिकवली जात असे. आपल्या आईवडिलांपैकी आणि शिक्षकांपैकी अनेक जण त्या पद्धतीतले. आपण पाचवीपासून शिकलो. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती २००० साली, तोवर आपण शाळा सोडून काही वर्षे झाली होती. म्हणजे ज्यांनी स्वतः आठवीत इंग्रजीला हात घातला, त्या शिक्षकांनी आठवड्याच्या मोजक्या तासांत आपल्याला बोर्डाच्या पेपरपर्यंत नेले. त्यांनी कचेरीचे इंग्रजी चोख दिले. त्या जोरावर आपण मुलाखती दिल्या, प्रबंध लिहिले, परदेशात गेलो. घरातले इंग्रजी त्यांनाही कोणी दिलेले नव्हते.

बाहेरच्यांनीच केलेली दखल

इंग्रजांना स्वतःला ही जोडक्रियापदे अवघड वाटत नाहीत, म्हणून त्यांच्या व्याकरणकारांनी बराच काळ त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १७६२ साली बिशप लाउथ यांनी आपल्या व्याकरणात वाक्याच्या शेवटी अव्यय ठेवण्याच्या रीतीबद्दल लिहिले, की ती घरगुती बोलण्याला शोभते, गंभीर लेखनाला दुसरी रीत बरी. अशा विचारांमुळे ही क्रियापदे जरा खालच्या पायरीची ठरली.

याला ठळक अपवाद सॅम्युअल जॉन्सन यांचा. १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट म्हटले, की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ फिरवण्याची ही रीत आमच्या भाषेत फार आहे आणि परक्या माणसाला सर्वांत जास्त त्रास तिचाच होतो. म्हणून असे प्रयोग आपण काळजीपूर्वक गोळा केले आहेत. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमध्ये बसून या माणसाने आपली अडचण ओळखली होती, हे वाचून मला फार बरे वाटले.

‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव लोकांपुढे आले ते त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५च्या आपल्या पुस्तकात ते वापरले आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचे नमूद केले.

त्यापुढचे खरे काम परदेशी मुलांना शिकवणाऱ्यांनी केले. मायकेल वेस्ट हे ढाक्यात शिकवत. बंगालमधल्या मुलांना इंग्रजी वाचता यावी म्हणून त्यांनी वारंवार लागणारे शब्द निवडून पुस्तके रचली. १९५३ साली त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध झाली, आणि त्यात कोणता शब्द कोणत्या अर्थाने किती वेळा येतो याचीही नोंद होती. ए. एस. हॉर्न्बी १९२४ साली शिकवण्यासाठी जपानला गेले. तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर जो शब्दकोश केला तो १९४२ साली टोकियोत छापला गेला. १९४८ साली तो ऑक्सफर्डने काढला, आणि कॉलेजात आपण ज्याला नुसते ‘ऑक्सफर्ड’ म्हणत असू त्या विद्यार्थी-कोशाचा तो पूर्वज. पुढे १९७५, १९८३ आणि १९८९ साली ऑक्सफर्ड, लाँगमन आणि कॉलिन्स या प्रकाशकांचे खास या जोडक्रियापदांचे कोश निघाले. म्हणजे आपण शाळेत होतो तेव्हा हे ज्ञान छापून तयार होते, फक्त तालुक्याच्या शाळेच्या कपाटापर्यंत पोहोचले नव्हते.

मराठीचा हात धरून

आता थोडे उपयोगाचे. शाळेत शिकलेले मराठी व्याकरण इथे चांगले कामी येते.

‘लुक आफ्टर’मधला ‘आफ्टर’ हा आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा आहे. तो पुढच्या नामाला चिकटतो. म्हणून ‘लुक आफ्टर हर’ असेच म्हणायचे, मध्ये काही घालायचे नाही. ‘ब्रिंग अप’मधला ‘अप’ मात्र क्रियाविशेषणासारखा आहे. तो क्रियापदाचा सोबती. म्हणून सर्वनाम आले की ते दोघांच्या मध्ये बसते: ‘ब्रिंग हर अप’. ‘ब्रिंग अप हर’ इंग्रज कानाला खटकते. नाम असेल तर मध्ये किंवा शेवटी, दोन्ही चालते. ‘टेल हिम ऑफ’, ‘मॅरी हर ऑफ’ हे याच घरातले.

दुसरी खूण ‘विथ’ची. मराठीत जिथे ‘-शी’ येते तिथे इथे बहुधा ‘विथ’ येतो. भावाशी बिनसले, शेजाऱ्यांशी पटते, मैत्रिणीशी बट्टी झाली: फॉल आउट विथ, गेट ऑन विथ, मेक अप विथ. अपवाद लग्नाचा. आपण ‘त्याच्याशी’ लग्न करतो, पण फ्रेंचांकडून आलेल्या ‘मॅरी’ला ‘विथ’ चालत नाही.

तिसरी गोष्ट दिशांची. मूल ‘अप’ वाढते. आदर वाटणाऱ्याकडे ‘लुक अप टू’, कमी लेखतो त्याच्याकडे ‘लुक डाउन ऑन’. दुरावणारी माणसे ‘ग्रो अपार्ट’. आपणही डोक्यावर बसवतो, नजरेतून उतरतो, अंतर पडले म्हणतो. विचार करण्याची वाट एकच आहे.

सॉफ्टवेअरवाल्यांना तर ही दिशा ओळखीची आहे. लॉग इन, बॅक अप, शट डाउन, सेट अप, रोल बॅक हे सगळे आम्ही कोणतीही यादी पाठ न करता शिकलो, कारण ते हातातल्या कामाला जोडून आले. घरातले शब्दही तसेच येतात. एखादी इंग्रजी कौटुंबिक मालिका पाहताना, मुलांच्या गोष्टीचे पुस्तक वाचताना शब्द माणसासकट लक्षात ठेवायचा: कोण कोणावर गेले, कोणाचे कोणाशी फाटले, कोणी कोणाला सांभाळले.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. आपली मुले ‘टेक आफ्टर’ आणि ‘फॉल आउट’ सहज बोलतात, त्याचा आनंदच आहे. पण ‘आईवर गेली’, ‘बिनसले’, ‘मुलगी उजवली’, ‘लहानाचे मोठे केले’ हे त्यांच्या कानावर येते का? जे आपल्याला इंग्रजीत मिळाले नाही, ते त्यांना मराठीत मिळेनासे होऊ नये. घरातली भाषा पुस्तकातून फारशी येत नाही. ती भांडताना, समजूत काढताना, आजारपणात उशाशी बसताना येते, आणि ती देण्याचे काम शाळेचे कमी, आपले जास्त आहे.

आपल्या शिक्षकांनी आपल्याला व्याकरण दिले, कोश उघडण्याची सवय लावली आणि न समजलेले विचारायची भीड घालवली. वयाच्या चाळिशीतही एखादा नवा शब्द शिकावासा वाटतो ते त्यामुळेच. आता या मेळाव्यात सगळे भेटणार आहोत. शाळेत ज्यांच्याशी कट्टी झाली आणि बट्टी करायची राहून गेली, त्यांनी ती या वेळी करून टाकावी. मेळाव्याला आपण सगळे बोलताना ‘गेट टुगेदर’ म्हणतोच. तोही फ्रेजल व्हर्बमधूनच घडलेला शब्द आहे, आणि तो आपल्याला कोणी शिकवावा लागला नाही.